पाटी कोठे आहे?

“येथे फोटो काढण्यास मनाई आहे.” हे वाक्य एकदा तरी ज्याच्या कानी पडले नाही असा सुशिक्षित गृहस्थ आज महाराष्ट्रात सापडणे कठीण. मुलीला गाडीत बसवून द्यावयास गेलेल्या बापाला ते रेल्वेच्या फलाटावर ऐकावे लागते, सहलीस गेलेल्या कुटुंबाला ते धरणाच्या भिंतीवर ऐकावे लागते, आणि दुथडी भरलेली नदी पाहावयास पुलावर उभ्या राहिलेल्या हौशी छायाचित्रकाराला तर ते दर पावसाळ्यात ऐकावे लागते. कॅमेरा डोळ्यास लावला, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाइल वर उचलला, की कोठून तरी शिट्टी वाजते, काठी हलते आणि हे वाक्य उच्चारले जाते. त्याचे व्याकरण मोठे पाहण्यासारखे आहे. मनाई ‘आहे’; परंतु ती कोणी केली, कोणत्या कायद्याने केली, केव्हा केली, आणि ती कोठून कोठपर्यंत लागू आहे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. पावसाळ्यातील कुत्र्याच्या छत्रीप्रमाणे ही मनाई जमिनीतून आपोआप उगवलेली असते. आणि आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक तिच्यापुढे मान तुकवितो, घेतलेले चित्र तेथल्या तेथे पुसून दाखवितो, व “उगाच भानगड कशाला?” असे म्हणून वाटेला लागतो.

ह्या मुकाट्याने मान तुकविण्याला लोक शहाणपण म्हणतात. आम्ही म्हणत नाही. ह्या लेखात आम्हांस जे प्रतिपादन करावयाचे आहे ते थोडक्यात असे: सार्वजनिक जागी उभे राहून जे पाहण्यास कोणालाही बंदी नाही, त्याचे चित्र घेण्यास बंदी करावयाची असेल, तर ती कायद्याच्या आधाराने, लेखी, आणि त्या जागी लोकांना वाचता येईल अशा पाटीने केली पाहिजे. अंगावर गणवेश आहे एवढ्या आधारावर तोंडी मनाई करण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे मत काही नव्या जमान्याचे खूळ नव्हे. ते शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात लिहिलेले आहे, आणि तो कायदा परक्या सरकारने केलेला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. राज्याला काही गुपिते असतात व ती राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. नाशिक जिल्ह्यात राहणाराला तर हे निराळे शिकविण्याची गरजच नाही. देवळालीस तोफखान्याची शाळा आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात. ह्या ठिकाणांच्या कुंपणाशी कोणी कॅमेरा घेऊन घुटमळू लागला, तर त्याला हटकणाऱ्या पहारेकऱ्याचे आम्ही आभारच मानू. देवस्थाने आपल्या गाभाऱ्यापुरती आणि संग्रहालये आपल्या दालनांपुरती जी बंदी दाराशी लिहून ठेवतात, तिच्याविरुद्धही आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती, ह्या मोजक्या व ज्ञात ठिकाणांसाठी असलेले कवच साऱ्या सरकारी भिंतींना चढविण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ सालचा. ‘निषिद्ध स्थान’ कशाला म्हणावे ह्याची व्याख्या त्याच्या दुसऱ्या कलमात दिलेली आहे. संरक्षणाची बांधकामे, शस्त्रागारे, लष्कराची, आरमाराची व विमानदलाची ठाणी ही त्या व्याख्येने थेट निषिद्ध आहेत. परंतु ह्यांखेरीज दुसरी एखादी सरकारी जागा, किंवा एखादी रेल्वे, रस्ता, पाण्याचा वा विजेचा कारखाना निषिद्ध ठरवावयाचा असेल, तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध केली पाहिजे. एवढ्यानेही भागत नाही. त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि त्या मुलखाच्या देशी भाषेत लावलेली असली पाहिजे, असे कायद्याचेच शब्द सांगतात. शिवाय निषिद्ध स्थानाजवळ जाणाऱ्याला वा त्याचे चित्र काढणाऱ्याला हेर म्हणून शिक्षा करावयाची, तर त्याचा हेतू राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक असावा लागतो.

वाचकांनी ह्यावर क्षणभर विचार करावा. हा कायदा झाला तेव्हा असहकाराची चळवळ नुकतीच होऊन गेली होती. सरकारला प्रजेचा विश्वास नव्हता व प्रजेला सरकारचा. तरी त्या सरकारलाही असे वाटले, की ज्याला दंड करावयाचा त्याला आधी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. पुढे शतक उलटले, राज्य आपले झाले, मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली; आणि मराठीतील पाटी मात्र नाहीशी होऊन तिच्या जागी शिट्टी आली! परकीयांनी जेवढी मर्यादा पाळण्याचे निदान कागदावर कबूल केले होते, तेवढीही आपण आपल्याच माणसांशी पाळू नये, ह्याला काय म्हणावे?

ही केवळ कल्पनेची भीती आहे असे कोणी समजू नये. वर्ध्याचा एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाच्या निमित्ताने पोलिसठाण्यात गेला असता तेथे त्याने मोबाइलवर चित्रण केले. एवढ्यावरून २०१८ साली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तो कोणता? शासकीय गुपितांच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाखालचा, म्हणजे हेरगिरीचा. शेजाऱ्याचे भांडण आणि शत्रुराष्ट्राचा हेर ह्यांमध्ये जे अंतर आहे, ते एका फिर्यादीने ओलांडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये ती फिर्याद रद्द केली आणि स्वच्छ सांगितले, की ‘निषिद्ध स्थाना’ची व्याख्या परिपूर्ण आहे, तिच्यात पोलिसठाण्याचा समावेश नाही, व तो बाहेरून आणून बसविता येत नाही. तरीही पाथर्डीच्या पोलिसठाण्यातील संभाषण मुद्रित केल्याबद्दल हेच कलम दोघांवर लावण्यात आले होते, आणि औरंगाबाद खंडपीठाला २०२४ साली तेच पुन्हा सांगावे लागले. न्यायालयाने न्याय दिला खरा. पण वर्ध्याच्या त्या माणसाची चार वर्षे कोणी परत दिली? ‘हेर’ ह्या शब्दाचा डाग अंगावर घेऊन ज्याला चार वर्षे गावात वावरावे लागते, त्याला शिक्षा व्हावयाची ती निकालाच्या आधीच होऊन गेलेली असते. आणि ती पाहून दुसरे शंभरजण कॅमेरा खिशातच ठेवतात. तोंडी मनाईचे खरे बळ ह्या शंभरांच्या भीतीत आहे.

राज्यघटनेच्या बाजूने पाहिले तरी निष्पत्ती हीच. एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्यावर जी बंधने घालावयाची ती वाजवी असावीत व कायद्याने घातलेली असावीत असे त्याच कलमात म्हटले आहे. ‘कायदा’ म्हणजे खात्याची अंतर्गत सूचना नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंगाच्या खटल्यात १९६२ सालीच सांगून ठेवले आहे. तेथे पोलीसखात्याच्या नियमांना कायद्याचा आधार नाही असे आढळले होते. जमावबंदीसारखे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्यांना ते बाधतात त्यांना त्यांविरुद्ध दाद मागता येईल, असेही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या प्रकरणात बजावले. जो हुकूम कोणी पाहिलेलाच नाही, त्यावर अपील कोठे करावयाचे? लेखी हुकूम मागणे हा उद्धटपणा नसून तो न्यायाच्या दारापर्यंत जाण्याचा एकमेव रस्ता आहे.

हा सारा ऊहापोह मुंबई-पुण्याच्या हौशी छायाचित्रकारांपुरता आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आमच्याबरोबर नाशिकाहून पश्चिमेस पेठेस चलावे. सावळघाट उतरून गेले की सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर हा तालुका लागतो. पलीकडे गुजराथचे धरमपूर. एके काळचे हे लहानसे संस्थान. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी आदिवासी वस्ती. भात, नागली व वरईची डोंगरउताराची शेती. आणि पीक निघाले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत मजुरीस जाणे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. ही विपरीत गोष्ट सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे लिहिली गेली आहे. टंचाईचे आराखडे झाले, टँकरच्या फेऱ्यांचे तक्ते झाले. परंतु देशाने ती खरी मानली केव्हा, तर विहिरीच्या कडेवर लोंबकळणाऱ्या बाईचे चित्र वृत्तपत्रांतून व पडद्यावरून घरोघरी गेले तेव्हा. जिला अर्ज लिहिता येत नाही, जिचा अर्ज लिहिला तरी कचेरीत पोचत नाही, आणि पोचला तरी वाचला जात नाही, तिच्यासाठी छायाचित्र हाच अर्ज आहे. त्यावर तिकीट लावावे लागत नाही, आणि तो ‘आवक’ वहीत हरवतही नाही.

शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याची हकीकत वाचकांच्या स्मरणात असेल. खोल दरीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडा घेऊन तास नदी ओलांडणाऱ्या बायकांची चित्रे प्रसिद्ध झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे ह्यांच्या आदेशाने तेथे लोखंडी पूल उभा राहिला. अनेक वर्षांत जे झाले नव्हते ते चित्र प्रसिद्ध होताच थोड्या दिवसांत झाले. पण कथा येथेच संपत नाही. त्याच वर्षाच्या पावसाळ्यात, जुलैच्या पुरात, तो पूल टिकला नाही, आणि त्याचीही चित्रे प्रसिद्ध झाली. आता आम्ही विचारतो: पहिले चित्र आणि दुसरे चित्र ह्यांत अधिक आवश्यक कोणते? पहिल्याने दुःख दाखविले, त्यावर दया दाखविणे सोपे असते व त्यात दात्याची कीर्तीही होते. दुसऱ्याने काम दाखविले, आणि कामाचे चित्र कोणालाच आवडत नाही. मनाईची शिट्टी वाजते ती बहुधा ह्या दुसऱ्या चित्राच्या वेळी. फाटक्या लुगड्याचा फोटो काढू द्यावयाचा आणि फुटक्या जलकुंभाचा काढू द्यावयाचा नाही, अशी ज्या सुरक्षेची रीत असेल, ती देशाला शत्रूपासून सुरक्षित ठेवीत नसून अंमलदाराला लाजेपासून सुरक्षित ठेवीत असते.

मुंबईत एखाद्याला हटकले, तर त्याच्या पाठीशी वकील असतो, वृत्तपत्र असते, निदान इंग्रजीत भांडण्याची सवय असते. पाड्यावरच्या तरुणाने बंधाऱ्याच्या चिरेचे वा बंद पडलेल्या नळयोजनेचे चित्र घेतले, आणि “सरकारी काम आहे, फोटो काढला तर आत टाकीन” असे कोणी त्याला दटावले, तर तो कोणाकडे जाणार? म्हणून पाटीचा प्रश्न शहरापेक्षा पेठेत अधिक जिवाचा आहे. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, त्याच्याजवळ आज निदान एक साधा मोबाइल आहे. एका तोंडी वाक्याने तोही मुका करावयाचा काय?

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप दहशतवादाचा. “२६ नोव्हेंबर २००८ विसरलात काय? अतिरेकी आधी जागांची चित्रे घेतात आणि मग हल्ला करतात.” हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड दिसते. परंतु ती रात्र आम्ही विसरलो नाही म्हणूनच हे लिहीत आहो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री कसाब हाती बंदूक घेऊन चालत असतानाचे जे चित्र साऱ्या जगाने पाहिले, ते सेबास्टियन डिसोझा ह्या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने काढलेले आहे. समोरच्या कचेरीतून तो कॅमेरा घेऊन धावत आला आणि गोळ्या चाललेल्या फलाटावर डब्यांच्या आडून त्याने चित्रे घेतली. श्रीराम वेर्णेकर हाही त्याच रात्री तेच करीत होता. दोघांनी पुढे न्यायालयात साक्ष दिली, त्यांची चित्रे पुरावा झाली, आणि २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या धैर्याची दखल घेतली. ज्या फलाटावर कॅमेऱ्याने खुन्याला ओळखून दिले, त्याच फलाटावर पुढे कॅमेरा हाच संशयित ठरावा, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होय.

त्याच निकालात न्यायालयाने दूरचित्रवाहिन्यांना खडे बोल सुनावले, हेही येथे सांगितले पाहिजे. कमांडोंच्या हालचाली घडत असतानाच त्या पडद्यावर दाखविल्यामुळे पलीकडे बसलेल्या सूत्रधारांना त्या दिसत होत्या व जवानांचे प्राण धोक्यात येत होते. हे बोलणे सर्वथा योग्य होते, आणि आमच्या मताला ते पोषकच आहे. धोका कशात होता? चालू कारवाई त्या क्षणी प्रक्षेपित करण्यात. म्हणून कारवाई चालू असेतोपर्यंत, त्या जागेपुरती, जबाबदार अधिकाऱ्याच्या हुकुमाने बंदी घालावी. तिला आम्ही विरोध करणार नाही. परंतु त्या तीन दिवसांच्या संकटाचे नाव घेऊन पुढची कित्येक वर्षे गल्लीबोळांतील प्रत्येक कचेरीला किल्ल्याचे रूप द्यावयाचे, हा तर्क न्यायालयाचा नव्हे. एकाच निकालाने एका छायाचित्रणाचा गौरव केला व दुसऱ्या चित्रणाचा निषेध केला. कृत्य व प्रसंग पाहून निवाडा करावा तो असा. कॅमेरा दिसताच निवाडा करणे हे काम फार सोपे आहे, आणि म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे.

शिवाय ह्या मनाईने साधते तरी काय? धरणाच्या भिंतीचे चित्र भिंतीवर उभ्या राहिलेल्या शाळामास्तराला काढता येत नाही. परंतु तीच भिंत, तिचे दरवाजे, तिच्याकडे जाणारा रस्ता, सारे काही उपग्रहांनी टिपून जगातल्या प्रत्येक मोबाइलवर ठेवलेले आहे. अशा आकाशचित्रांविषयी राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांनी २००५ सालीच चिंता व्यक्त केली होती. ती चिंता रास्त असेल. पण तिचे निवारण मास्तरांचा कॅमेरा खाली करून होत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही. आणि ज्याला खरोखर घात करावयाचा आहे, तो काही पहारेकऱ्यादेखत कॅमेरा वर उचलीत नाही. उघडपणे चित्र घेणारा माणूस हा बहुधा निरुपद्रवी असतो, कारण त्याला लपवावयाचे काही नसते.

“पण प्रत्येक जागेची सीमा आखून ती लोकांना सांगणे व्यवहारात कसे शक्य आहे?” असे कोणी विचारील. उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनसंबंधीचे नियम झाले आणि पुढच्याच महिन्यात साऱ्या देशाच्या आकाशाचा नकाशा प्रसिद्ध करण्यात आला. तांबड्या भागात उडवावयाचे नाही, पिवळ्यात परवानगीने उडवावयाचे, हिरव्यात अमुक उंचीपर्यंत मोकळीक. हा नकाशा कोणालाही घरबसल्या पाहता येतो. ज्या सरकारला अदृश्य आकाशात रेघा ओढता आल्या, त्याला दगडमातीच्या जमिनीवर एक पाटी लावता येत नाही, हे आम्ही कसे मानावे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व तो आम्ही आदरपूर्वक विचारात घेतो. तो सुरक्षेचा नसून माणसाच्या अब्रूचा आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रे कोणीही घ्यावीत काय? आश्रमशाळेतील मुलींची, रुग्णालयात कण्हणाऱ्या माणसाची, शवापाशी रडणाऱ्या आईची? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: नाही. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे तिच्या संमतीवाचून चित्रण करणे हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एकमुखाने म्हटले आहे. छायाचित्रकाराचा हक्क दुसऱ्याच्या अब्रूवर पाय देऊन उभा राहू शकत नाही.

आदिवासींच्या बाबतीत तर हा विवेक दुप्पट हवा. विल्यम जॉन्सन ह्या छायाचित्रकाराने १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एकीकडे टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला, असे प्रकार आहेत. माणूस म्हणजे डकविण्याचा नमुना, ही त्या काळच्या साहेबाची दृष्टी होती. आज नागलीच्या शेतात उभ्या असलेल्या बाईला न विचारता ‘लोकजीवन’ टिपणारे आमचे शहरी हौशी मित्र त्या दृष्टीपासून फार दूर गेले आहेत असे आम्हांस वाटत नाही. त्यांनीही आधी विचारावे. परंतु हा विवेक माणसाच्या चेहऱ्याला लागू आहे. पुलाच्या खांबाला अब्रू नसते, आणि औषधे नसलेल्या कपाटाला लाज वाटत नाही. माणसाच्या अब्रूचे कारण पुढे करून भिंतीची अब्रू राखावयाची, ही लबाडी आम्हांस मान्य नाही.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही, की जे सरकार नागरिकाच्या कॅमेऱ्याला भिते, तेच स्वतःच्या कॅमेऱ्यावर विसंबून आहे. शहरांच्या चौकाचौकांत त्याचे डोळे लावलेले आहेत. प्रत्येक पोलिसठाण्यात कॅमेरे बसवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रण करणे पोलिसांना बंधनकारक केले आहे, आणि ते मोबाइलवर केलेले चालते. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे करण्यात आले. तेव्हा खडी फोडणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही, की बाई, तुझा फोटो काढू काय? तिचा चेहरा सरकारने घ्यावा, आणि तिने मात्र हजेरीपटाचे वा अर्धवट सोडलेल्या बांधाचे चित्र घेऊ नये, हा न्याय कोठला? पाहणे हे जर दोघांच्या हिताचे असेल, तर दोघांनीही एकमेकांस पाहावे.

ज्या भूमीने भारतीय चित्रपटाच्या जनकाला जन्म दिला, तिला ह्या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्याचा अधिकार आहे. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या १९१३ साली प्रकाशित झालेल्या चित्रपटाच्या बाहेरच्या प्रसंगांसाठी त्यांची मंडळी कर्जतकडील वांगणी ह्या गावी गेली होती. भाले-तलवारी घेतलेले हे अनोळखी लोक पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले, आणि गावच्या अंमलदारांनी त्यांना अडकवून ठेवले, असे सांगतात. मग फाळके आले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, चित्रण कसे होते ते करून दाखविले, आणि मंडळींची सुटका झाली. त्या अंमलदारांचा संशय चुकीचा होता, पण त्यांची रीत चुकीची नव्हती. शस्त्र दिसले म्हणून त्यांनी हटकले, खुलासा मागितला, तो समजून घेतला व माणसे सोडून दिली. फितीचा नाश करा असे त्यांनी म्हटले असते तर? कॅमेरा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊकही नव्हते, त्यांनी तो पाहून घेतला. ज्यांच्या खिशात दोन दोन कॅमेरे आहेत, त्यांना तो पाहताच धडकी भरते!

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्या पुऱ्या करण्यास खजिन्यातून फारसे काही काढावे लागणार नाही. पहिली: जेथे चित्र घेण्यास मनाई आहे तेथे ती कोणत्या कायद्याने, कोणत्या हुकुमाने व कोठपर्यंत आहे, हे मराठीत लिहिलेली पाटी असावी, जिल्हाधिकाऱ्यांनी अशा जागांची यादी प्रसिद्ध करावी, आणि यादीत नसलेल्या जागी कोणासही हटकू नये. दुसरी: चित्र पुसावयास लावण्याची पद्धत बंद व्हावी. असा अधिकार कोणत्याही कायद्याने पोलिसांस दिलेला नाही, आणि त्यात तर्कही नाही. चित्र घेणे हा गुन्हा असेल तर ते चित्र पुरावा आहे व पुरावा पुसता येत नाही. गुन्हा नसेल तर ते पुसण्याचे कारणच उरत नाही. तिसरी: हा हक्क वृत्तपत्राच्या ओळखपत्रावर अवलंबून नसावा. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली कायदा मंजूर केला, ते चांगलेच झाले. परंतु पेठेच्या पाड्यावर ओळखपत्र असलेला पत्रकार महिन्यातून एकदा येतो, आणि पाण्याचा हंडा रोज भरावा लागतो. तेथला पत्रकार तेथेच राहणारा माणूस आहे.

आणि एक मागणी वाचकांकडे. तोंडी मनाई टिकते ती आपल्या सोयीस्कर नम्रतेवर. यापुढे शिट्टी वाजली तर भांडू नये, आवाज चढवू नये, पहारेकऱ्याचा अपमान करू नये. तो बिचारा बहुधा कोणाच्या तरी तोंडी हुकुमाचाच बळी असतो. फक्त शांतपणे, हात जोडून म्हटले तरी चालेल, एवढेच विचारावे: “दादा, पाटी कोठे आहे?” पाटी दाखविली, तर ती वाचावी आणि कॅमेरा मिटावा. न दाखविली, तर प्रश्न पुन्हा विचारावा, वरच्या अधिकाऱ्यास लेखी विचारावा, आणि मुलाबाळांसमोर विचारावा, म्हणजे तीही विचारावयास शिकतील. हा प्रश्न नाशिकच्या सुशिक्षितांनी विचारावयाचे टाळले, तर पेठेच्या पाड्यावरील तरुणाने तो कोणाच्या बळावर विचारावयाचा?